‘बघू’ म्हणजे हो की नाही?

अवघड शब्दांमुळे संसारात सहसा भांडण होत नाही. ‘तारण’, ‘अनामत’, ‘स्थगिती’ असे शब्द बँकेच्या किंवा कचेरीच्या कागदावर आले, तर नवरा-बायको दोघेही थांबतात, एकमेकांना विचारतात, नाहीतर शेजारच्या जाणत्या माणसाकडे जातात. घोटाळा होतो तो ‘बरं’, ‘चालेल’, ‘बघू’, ‘नंतर’, ‘काही नाही’ अशा शब्दांनी. हे शब्द कोणी शिकवलेले नसतात आणि त्यांचा अर्थ शब्दकोशात पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्येकाने ते आपापल्या घरात, आपापल्या आईवडिलांच्या तोंडून उचललेले असतात. लग्नानंतर दोन घरांत वाढलेल्या या दोन भाषा एका छपराखाली येतात. शब्द तेच असल्यामुळे त्या दोन आहेत, हे बराच काळ लक्षात येत नाही.

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे याचे चांगले उदाहरण आहे. पूर्वी हे मोठ्या तळ्याकाठचे शेतीचे गाव होते. त्या तळ्यावर साचणाऱ्या पांढऱ्या फेसामुळे आणि २०१५ साली त्या फेसाला लागलेल्या आगीमुळे गावाचे नाव देशभर वर्तमानपत्रांत आले. संगणक कंपन्या आल्या, तसे गावाचे रूप पालटले. आज तेथील एकाच इमारतीत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली, ओडिया आणि मराठी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. त्यांत अभियंते आहेत, तसेच मोटारचालक, पहारेकरी, सुतार आणि उपाहारगृहांत राबणारे लोकही आहेत. मराठी माणूस बेंगळुरूला नवा नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी तेथे ऐकू येते. नवीन आहे ते घराचे आकारमान. दोन खोल्या आणि दोन माणसे, एवढाच तो संसार असतो.

घर लहान झाल्याने एक गोष्ट नाहीशी झाली आहे, तिची दखल फारशी घेतली जात नाही. एकत्र कुटुंबात सासू, मोठी जाऊ, नणंद अशी माणसे नव्या सुनेची दुभाषी असत. “त्याचं ‘बघू’ म्हणजे हो असतं गं, दोन दिवस थांब,” असे सासूने स्वयंपाकघरात सांगितले की सुनेचा जीव भांड्यात पडे. तसेच “ती गप्प आहे म्हणजे रागावलीय, तू चौकशी कर,” असे आई मुलाच्या कानावर घाली. त्या घरात इतर जाच असतील, ते येथे नाकारायचे नाहीत. पण शब्दांचा अर्थ लावून देणारे कोणीतरी हाताशी असे. बेळ्ळंदूरच्या दोन खोल्यांत असे तिसरे माणूस नसते.

अशा घरात काय घडू शकते ते पाहू. समजा, नवरा निपाणीकडचा आणि बायको लातूरची. तो एका कंपनीची मोटार चालवतो. कर्मचाऱ्यांना रात्री घरी सोडायचे आणि पहाटे आणायचे, हे त्याचे काम. ती पाळणाघरात लहान मुले सांभाळते. लग्नाला दीड वर्ष झाले आहे. लातूरला तिच्या आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरते. रात्री जेवताना ती म्हणते, “अहो, आईचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलंय. मी आठ दिवस जाऊन येऊ का?” तो म्हणतो, “बघू,” आणि भात कालवू लागतो.

तिच्या माहेरी वडिलांचे ‘बघू’ तिने शेकडो वेळा ऐकलेले आहे. शाळेची सहल, मैत्रिणीच्या गावची जत्रा, बारावीनंतरचे कॉलेज, या प्रत्येक प्रश्नाला वडिलांनी ‘बघू’ असेच उत्तर दिले होते आणि त्यांतले काहीही घडले नव्हते. वडील कठोर नव्हते. मुलीला तोंडावर ‘नाही’ म्हणणे त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते ‘बघू’ म्हणत. त्या घरात हे नकाराचे सभ्य नाव होते आणि सर्वांना ते ठाऊक होते.

त्याच्या घरी तंबाखूची शेती. पीक विकले की हातात पैसा, एरवी उसनवारी. हाती काही जुळल्याशिवाय त्याचे वडील कोणालाही ‘हो’ म्हणत नसत. जुळण्याआधी ‘हो’ म्हणणे म्हणजे फुशारकी, असा त्यांचा समज होता. पण ते ‘बघू’ म्हणाले की दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून पैशांच्या तजविजीला निघत. त्या घरात ‘बघू’ हा होकारच होता, फक्त त्यावर तारीख नव्हती.

त्यामुळे पुढचे चार दिवस दोघेही आपापल्या घरचा अर्थ जगतात. तो कामाच्या पाळ्या बदलून घेतो, मित्राकडून दोन हजार रुपये उसने घेतो, तिकिटाच्या मागे लागतो आणि घरी यातले काहीच बोलत नाही. ती दोन दिवस वाट पाहते, पुन्हा विचारणे तिला लाचारीचे वाटते, आणि तिसऱ्या दिवशी ती लातूरला फोन करते: “आई, मला बहुतेक जमणार नाही.” नवऱ्याने नकार दिला असे ती म्हणत नाही; आई मात्र तेच समजते. चौथ्या दिवशी तो तिकीट पुढे ठेवतो. “आता कशाला?” असे तिच्या तोंडून निघते. चार दिवसांच्या धावपळीनंतर हे ऐकून तो दुखावतो. पाठवायचेच होते तर तेव्हाच का बोलला नाही, म्हणून ती दुखावते. ती लातूरला जाते, ऑपरेशन नीट पार पडते. पण जावयाने आधी नाही म्हटले होते, ही गोष्ट तिच्या माहेरी एकदा बसली ती बसलीच. पुढे केव्हाही त्याचे नाव निघाले की ती आठवण निघते, आणि ज्याने कधी ‘नाही’ म्हटलेच नव्हते त्याला तिचे उत्तरही देता येत नाही.

मराठीत ‘ध चा मा करणे’ असा वाक्प्रचार आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळी रघुनाथरावांच्या चिठ्ठीतील ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ असा बदल त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी केला, असे परंपरा सांगते. इतिहासकार ते एकमताने मान्य करत नाहीत. त्या कथेत अक्षर मुद्दाम बदलले जाते. निपाणी आणि लातूरच्या या ‘बघू’मध्ये कोणी काहीही बदललेले नाही. कोणाचाही हेतू वाईट नाही, म्हणून दोष कोणाला द्यावा हेही कळत नाही.

‘बघू’ या शब्दाची घडणही या घोटाळ्याला मदत करते. ‘मी बघतो’ असे म्हटले की काम कोणाकडे आहे ते स्पष्ट होते. ‘आपण बघू या’ असे म्हटले की दोघांचे होते. नुसत्या ‘बघू’मध्ये कर्ता दिसत नाही. कोण बघणार, काय बघणार, केव्हा बघणार, या तिन्ही जागा रिकाम्या राहतात आणि ऐकणारा त्या आपल्या अनुभवाने भरतो. शेजारच्या कन्नड घरांतही ‘नोडोण’ हा शब्द असाच वापरला जातो. त्याचाही अर्थ ‘बघू या’ असाच. टाळणे आणि आश्वासन देणे ही दोन्ही कामे एकाच शब्दाकडून करून घेण्याची सोय पुष्कळ भाषांनी ठेवलेली दिसते. ज्याला नकार देताना संकोच वाटतो आणि ज्याला खोटा शब्द द्यायचा नसतो, अशा दोघांनाही हा शब्द सोयीचा आहे.

आपल्याकडील जुन्या साहित्यशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. शब्दाच्या तीन शक्ती व्याकरणाच्या अभ्यासात आपल्याला भेटतात: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधेने शब्दाचा सरळ अर्थ कळतो. सरळ अर्थ जुळत नाही, तेथे लक्षणेने त्याला जवळचा अर्थ घेतला जातो. व्यंजनेने, बोललेल्या शब्दांपलीकडचा सूचित अर्थ कळतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात सूर्य मावळल्याच्या साध्या बातमीचे उदाहरण घेतले आहे. ती बातमी ऐकून कोणाला गुरे परत आणायची वेळ झाली असे कळते, कोणाला काम थांबवायचे कळते, कोणाला संध्येची वेळ झाल्याचे कळते, तर कोणाला प्रियकर येण्याची घटका जवळ आल्याचे कळते. शब्द तेच, बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यावर अर्थ ठरतो. हे शास्त्र काव्यासाठी रचले गेले, तरी स्वयंपाकघरातल्या बोलण्यालाही ते लागू पडते. ‘मीठ संपत आलंय’ हे वाक्य अभिधेने बातमी आहे आणि व्यंजनेने ‘येताना मीठ आणा’ असा निरोप आहे. नवरा नुसती बातमी ऐकून रिकाम्या हाताने आला, तर त्याने अर्धेच वाक्य ऐकले असे म्हणावे लागेल.

नवरा-बायको एकमेकांना इतके ओळखतात, मग सूचित अर्थ त्यांना इतरांपेक्षा चांगला कळायला हवा, असे कोणालाही वाटेल. हीच समजूत अमेरिकेतील केनेथ सविट्स्की, बोआझ केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारखून पाहिली. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका प्रयोगात २४ विवाहित जोडपी होती. माणसांना एकमेकांकडे पाठ करून खुर्च्यांवर बसवले आणि रोजच्या वापरातली, दोन-तीन अर्थ निघतील अशी वाक्ये बोलायला सांगितली. बोलणाऱ्याचा नेमका आशय काय, ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. कधी बोलणारा आपला जोडीदार असे, कधी परका माणूस. जोडीदाराचे बोलणे ओळखण्यात लोक परक्याचे बोलणे ओळखण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. फरक पडला तो खात्रीत. आपले म्हणणे जोडीदाराला बरोबर कळले असेल, असे बोलणाऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त वाटत होते. परक्याशी बोलताना आपण शब्द जपून वापरतो, पुन्हा समजावून सांगतो. आपल्या माणसाशी बोलताना हे कष्ट कोणी घेत नाही.

‘चालेल’ या शब्दाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘मला आवडेल’ या वाक्यात बोलणाऱ्याचे मन दिसते. ‘चालेल’ या शब्दात ते झाकलेले राहते. आनंदाने दिलेली संमती आणि दुसऱ्यासाठी केलेली तडजोड या दोन्हींना मराठीत ‘चालेल’ असेच म्हणतात. इंग्रजीतील ‘ओके’ या शब्दाचे असेच आहे आणि त्यावर एक चांगला अभ्यास झाला आहे. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका जोडप्याचा संवाद दिला आहे. बायको अमेरिकन, नवरा ग्रीक. मित्राकडे मेजवानी आहे, जायचे का, असे तिने विचारले. तो ‘ओके’ म्हणाला. थोड्या वेळाने, तुला नक्की जायचे आहे ना, असे तिने पुन्हा विचारले. यावर तो म्हणाला की ठीक आहे, नको जाऊ या. तिने दोन्ही वेळा खरोखरच त्याची इच्छा विचारली होती. त्याने मात्र पहिल्या प्रश्नात ‘हिला जायचे आहे’ अशी सूचना ऐकली आणि दुसऱ्या प्रश्नात ‘हिचे मन बदलले’ अशी. दोघेही एकमेकांच्या मनाप्रमाणे वागत होते आणि मनासारखे कोणाचेच झाले नाही. हा संवाद टॅनन यांनी पुढे अनेक ग्रीक आणि अमेरिकन लोकांना दाखवला, तेव्हा आडून सुचवलेला अर्थ शोधण्याकडे ग्रीकांचा कल अधिक आढळला. ज्या घरात इच्छा सरळ सांगणे उद्धटपणाचे मानतात, तेथे वाढलेल्या माणसाचे कान नेहमी सूचनेच्या शोधात असतात. आपल्याकडील पुष्कळ घरे अशीच आहेत.

बोलताना अर्थाचा मोठा भाग आवाजाच्या चढउतारात असतो. झटकन म्हटलेले ‘बरं’ म्हणजे ‘ऐकले’. लांबवलेले ‘बरंऽ’ म्हणजे ‘असं आहे होय’. खाली पडत्या आवाजातले ‘बरं’ म्हणजे ‘आता विषय पुरे’. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी लिहिलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने कामाला लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आहेत, अशी कुरकुर तेथील कर्मचारी करत. त्या स्त्रिया फार बोलतही नसत. मांसाच्या पदार्थावर रस्सा हवा का, हे विचारण्यासाठी त्या ‘ग्रेव्ही’ एवढा एकच शब्द म्हणत, पण पडत्या आवाजात. इंग्रज बायका तोच शब्द चढत्या आवाजात म्हणत. त्यामुळे या स्त्रियांचा प्रश्न इंग्रजांना ‘हा घे रस्सा’ असा ऐकू येई. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर दोन्ही बाजूंना फरक कळला. याच गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह सांगली जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला होता. त्या गावात कन्नड, मराठी आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली, शब्द मात्र निराळे राहिले. नव्या संसारात याच्या उलट घडते: शब्द एक आणि आशय निराळे.

बेळ्ळंदूरमधल्या नवरा-बायकोचे दिवसातले निम्मे बोलणे फोनवरच्या लिखित निरोपांतून होते. तो वाहतुकीत अडकलेला, ती कामावर. लिहिलेल्या ‘बरं’ला आवाज नसतो. वाचणारा आपल्या मनातला आवाज त्याला देतो, आणि दिवस वाईट गेला असेल तर तो आवाजही वाईटच लागतो. ‘परवा’ या शब्दाचा घोटाळा तर आणखी सरळ आहे. मराठीत होऊन गेलेला आणि येणारा, असे दोन्ही दिवस ‘परवा’च असतात, पुढचे क्रियापद पाहून अर्थ ठरतो. ‘परवा डॉक्टर’ एवढाच निरोप आला, तर भेट झाली की व्हायची आहे? कन्नडमध्ये होऊन गेलेल्या दिवसाला ‘मोन्ने’ आणि येणाऱ्या दिवसाला ‘नाडिद्दु’ असे वेगळे शब्द आहेत.

नवरा-बायकोच्या मातृभाषाच वेगळ्या असतील, तर ओळखीचे शब्द अधिक फसवतात. बंगालीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. बंगाली पत्नीने मोडक्या मराठीत “मी चेष्टा करीन” असे सांगितले, तर मराठी नवऱ्याला ती थट्टा करणार असे वाटेल. ‘अभिमान’ हा शब्द त्याहून रंजक आहे. मराठीत तो बहुधा चांगल्या अर्थाने येतो, हिंदीत त्याला गर्वाची छटा आहे. कन्नडमध्ये ‘अभिमानी’ म्हणजे चाहता, अभिनेते डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळु’, म्हणजे चाहतेरूपी देव, म्हणत. बंगालीत मात्र ‘अभिमान’ म्हणजे आपल्या जवळच्या माणसाने दुखावल्यावर मनात दाटणारा रुसवा. परक्या माणसावर हा अभिमान होत नाही. बंगाली दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांनी १९७३ साली एका गायक पती-पत्नीच्या दुराव्यावर चित्रपट काढला, त्याचे नाव ‘अभिमान’. हिंदी प्रेक्षकाने त्यात पतीचा अहंकार पाहिला असेल. बंगाली प्रेक्षकाला त्याच नावात रुसवाही ऐकू आला असणार.

जेथे दोन भाषांचा रिवाजच सारखा असतो, तेथे काहीच बिघडत नाही. घरातून बाहेर पडताना मराठी माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, आणि कन्नड माणूसही ‘बर्तीनि’ म्हणजे ‘येतो’ असेच म्हणतो. दारात उभे राहून ‘येतो’ म्हणणारा प्रत्यक्षात जातो आहे, याचा अर्थ दोघांपैकी कोणालाच विचारावा लागत नाही.

इतर ठिकाणी विचारावेच लागते, आणि कसे विचारायचे हाही प्रश्न आहे. ‘का?’ हा सर्वांत लहान प्रश्न सर्वांत धोक्याचा ठरतो. “मी उद्या लवकर निघणार आहे,” यावर “का?” असे ऐकले, की पुष्कळांना ती चौकशी न वाटता हरकत वाटते. त्याऐवजी “लवकर म्हणजे किती वाजता? डबा करायचा का?” असे विचारले, तर तीच माहिती मिळते आणि उत्तर देणाऱ्याला स्वतःची बाजू मांडावी लागत नाही. ‘बघू’च्या बाबतीतही ‘हो की नाही ते सांगा’ हा आग्रह फारसा कामाचा नाही, कारण बोलणाऱ्यालाही ते अजून ठाऊक नसते. “कधीपर्यंत कळेल? आईला रविवारी फोन करायचाय,” असे म्हटले की त्या शब्दाच्या रिकाम्या जागेत निदान एक वार येऊन बसतो.

‘काही नाही’ या उत्तराला मात्र उपप्रश्नही चालत नाही. “काय झालं?” “काही नाही.” व्याकरणाने हा पूर्ण नकार आहे. घरात त्याचा अर्थ बहुधा ‘पुष्कळ काही आहे, पण आत्ता नाही’ असा असतो; कधी ‘तुला विचारावं लागलं, हेच ते’ असाही असतो. “नक्की?” असे पुन्हा विचारले की “नक्की” असे उत्तर येते आणि दोघेही त्या शब्दात अडकतात. बरीच वर्षे संसार केलेली माणसे अशा वेळी बोलत नाहीत. कोणी उठून चहा ठेवतो, कोणी टीव्हीचा आवाज कमी करून शेजारी येऊन बसतो. पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या बाजूने वाक्य सुरू होते, आणि त्याची सुरुवातही पुष्कळदा “काही नाही, पण…” अशीच असते.